भगवी वस्त्रं, गळ्यात क्रूस

'मी जन्माने हिंदू, श्रद्धेने कॅथलिक' असं छातीठोकपणे सांगणारा एक बंगाली संन्यासी शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. परक्यांनी त्याची थट्टा केली, ती त्याने हसून सोडून दिली. जिव्हारी लागली ती आपल्याच धर्मबंधूंची टीका. तरीही त्याने चर्च सोडलं नाही आणि भगवी वस्त्रंही उतरवली नाहीत. ब्रह्मबांधव उपाध्याय यांची ही गोष्ट आजही अनेकांना विचारात पाडते.

बजबज म्हटलं की इतिहासाची आवड असलेल्या वाचकाला 'कोमागाटा मारू' आठवतं. कोलकात्याच्या दक्षिणेला हुगळी नदीच्या काठी वसलेलं, तागाच्या गिरण्या आणि तेलाच्या टाक्यांचं हे गाव. कॅनडाने परत पाठवलेल्या हिंदी प्रवाशांवर २९ सप्टेंबर १९१४ रोजी इथेच गोळ्या झाडल्या गेल्या. आज इथल्या रेल्वे स्टेशनाच्या नावातही त्या जहाजाचं नाव आहे.

पण त्याच्या सतरा वर्षं आधी याच बजबजला आणखी एक जहाज लागलं होतं. अमेरिका आणि युरोप गाजवून आलेले स्वामी विवेकानंद मद्रासहून जहाजाने इथे पोहोचले आणि १९ फेब्रुवारी १८९७ रोजी सकाळी बजबजहून खास आगगाडीने सियालदहला गेले. तिथे माणसांचा समुद्र लोटला होता. विद्यार्थ्यांनी गाडीचे घोडे सोडले आणि स्वामीजींची गाडी स्वतः ओढली.

त्या सुमारास देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिंधमध्ये, स्वामीजींचा तरुणपणीचा एक मित्र 'सोफिया' नावाचं मासिक चालवत होता. तोही बंगाली. तोही केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्मो मंडळींत वावरलेला. तोही भगव्या वेशातला. फरक एवढाच की त्याच्या गळ्यात क्रूस होता आणि 'सोफिया' हे कॅथलिक मासिक होतं. सुरुवातीच्या काळात या मासिकातून वेदान्तावर कडक टीका होत असे. नेमकं १८९७ च्या सुमारास संपादकाचं मत पालटू लागलं. ख्रिस्ताचा संदेश भारतीय मनाला समजावून सांगायचा, तर तो वेदान्ताच्याच भाषेत सांगावा लागेल, असं ते लिहू लागले. आणि तिथूनच त्यांच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं.

पोलिस अधिकाऱ्याचा मुलगा

भवानीचरण बंद्योपाध्याय यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८६१ चा, हुगळी जिल्ह्यातल्या खन्यान गावातला. घराणं कुलीन ब्राह्मणांचं. वडील इंग्रज सरकारच्या पोलिस खात्यात. आई फार लवकर गेली, आजीने वाढवलं. मुलगा हूड आणि अंगापिंडाने दणकट. इंग्रजांना हाकलायचं तर युद्धकला शिकली पाहिजे, या वेडाने त्याने कॉलेजच्या वयात ग्वाल्हेर गाठलं. शिंद्यांच्या फौजेत भरती व्हायचा त्याचा बेत होता. तो फसला, पण वेड काही गेलं नाही.

घरातच एक ख्रिस्ती माणूस होता. चुलते कालीचरण बॅनर्जी हे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती आणि राष्ट्रीय सभेतले नामांकित वक्ते. धोतर नेसणारा, देशासाठी बोलणारा ख्रिस्ती माणूस भवानीचरणांनी लहानपणापासून पाहिला होता. त्यामुळे ख्रिस्ती होणं म्हणजे साहेब होणं, हे समीकरण त्यांच्या डोक्यात कधी बसलंच नाही.

पुढे केशवचंद्रांचा प्रभाव पडला. केशवचंद्र येशूवर भरभरून बोलत, पण चर्चमध्ये मात्र गेले नाहीत. त्यांच्या निधनानंतर, १८८७ मध्ये, भवानीचरण त्यांच्या नवविधान पंथात रीतसर दाखल झाले आणि पुढच्या वर्षी प्रचारक म्हणून सिंधमधल्या हैदराबादला गेले. तिथे ते शाळेत शिकवत. १८९० मध्ये वडील मुलतानला आजारी पडले. त्यांच्या शुश्रूषेसाठी गेलेल्या भवानीचरणांच्या हाती तिथे कॅथलिक श्रद्धेची ओळख करून देणारं एक इंग्रजी पुस्तक पडलं. मनात आधीपासून चाललेल्या घालमेलीला दिशा मिळाली.

२६ फेब्रुवारी १८९१ रोजी त्यांनी एका अँग्लिकन धर्मगुरूकडून बाप्तिस्मा घेतला. पण घेतानाच स्पष्ट सांगितलं, की मी ख्रिस्ताचा होतोय, इंग्लंडच्या चर्चचा नाही. सहा महिन्यांनी, १ सप्टेंबरला, ते कॅथलिक चर्चमध्ये दाखल झाले.

प्रॉटेस्टंट वळणाच्या प्रचारकांशी त्यांचा मतभेद इथेच सुरू झाला. माणूस मुळात पापाने पूर्ण बिघडलेला आहे आणि म्हणून ख्रिस्तापूर्वीचं त्याचं सारं ज्ञान अंधार आहे, हा सूर भवानीचरणांना पटत नसे. मग उपनिषदं लिहिणारे ऋषी काय अंधारात चाचपडत होते? कॅथलिक विचारात त्यांना याचं उत्तर सापडलं. देवाने माणसाला बुद्धी दिली आहे, त्या बुद्धीने माणूस सत्याच्या जवळ जाऊ शकतो, आणि ख्रिस्ताची कृपा हे नैसर्गिक ज्ञान मोडत नाही, पुरं करते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी ग्रीक ॲरिस्टॉटलच्या तत्त्वज्ञानाचा आधार घेऊन ख्रिस्ती सिद्धांत मांडला. मग जे काम ॲरिस्टॉटलकडून झालं, ते वेदान्ताकडून का होऊ नये? हा त्यांचा साधा, पण सगळ्यांना अडचणीत आणणारा प्रश्न होता.

चर्चच्या दारात अडवणूक

बाप्तिस्म्याच्या वेळचं त्यांचं नाव थिओफिलस, म्हणजे देवाचा मित्र. त्यांनी त्याचं थेट संस्कृत केलं: ब्रह्मबांधव. १८९४ मध्ये त्यांनी संन्याशाची वस्त्रं घेतली आणि आडनावातला 'वंद्य' हा भाग टाकून दिला. दुःख सोसणाऱ्या प्रभूच्या शिष्याने स्वतःला वंद्य म्हणवून घेऊ नये, असं त्यांचं म्हणणं. राहिलं नुसतं उपाध्याय.

भगव्या कपड्यात ते पहिल्यांदा चर्चमध्ये गेले, तेव्हा धर्मगुरूंनी हरकत घेतली. हा कसला वेश? हे देवाचं घर आहे की मठ? उपाध्याय यांनी आदळआपट केली नाही. वरिष्ठांकडे दाद मागितली आणि परवानगी मिळवली. त्यांच्या बाजूने इतिहास होता. सतराव्या शतकात मदुराईला रॉबर्ट द नोबिली या इटालियन जेझुइट धर्मगुरूने भगवी वस्त्रं, शाकाहार आणि संस्कृत-तमिळचा अभ्यास स्वीकारला, तेव्हाही चर्चमध्ये गदारोळ झाला होता. शेवटी १६२३ मध्ये पोप ग्रेगरी पंधरावे यांनी जानवं, शेंडी, गंध अशा चालीरीती ख्रिस्ती झालेल्यांना पाळू देण्याचा निर्णय दिला होता.

खरं तर मराठी माणसाला यात नवल वाटू नये. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि १६१६ मध्ये त्याचं 'क्रिस्तपुराण' छापून निघालं. सुमारे अकरा हजार ओव्या! ख्रिस्ताची कथा सांगायला त्याने ओवी वापरली, पुराणाचा घाट वापरला आणि मराठीचं कौतुकही केलं. पण स्टीफन्स आणि नोबिली हे बाहेरून आलेले धर्मगुरू होते. त्यांनी देशी वेश किंवा देशी भाषा घेतली, ती प्रचाराची गरज म्हणून समजून घेता येत होती. उपाध्याय यांचं तसं नव्हतं. त्यांच्यासाठी हा वेश घेतलेला नव्हता. ती त्यांची स्वतःचीच भाषा होती, स्वतःचंच घर होतं. ते सोडायचं का, एवढाच सवाल होता.

'आम्ही हिंदू आहोत का?'

जुलै १८९८ च्या 'सोफिया'त त्यांनी हाच प्रश्न शीर्षकात घेऊन लेख लिहिला. उत्तर होकारार्थी होतं. जन्माने आम्ही हिंदू आहोत आणि मरेपर्यंत हिंदूच राहू. बाप्तिस्म्याने दुसरा जन्म झाला, त्या अर्थाने द्विज झालो, म्हणून कॅथलिक आहोत. या दोन्हींत विरोध कुठे आहे?

ही नुसती शब्दांची कसरत नव्हती. त्यांनी धर्माचे दोन भाग पाडले होते: समाजधर्म आणि साधनधर्म. काय खायचं, काय नेसायचं, कुणाकडे कसं वागायचं, सण कसे पाळायचे, हा झाला समाजधर्म. मुक्ती कशी मिळवायची, कुणाच्या चरणी जायचं, हा झाला साधनधर्म. समाजधर्माने मी हिंदू, साधनधर्माने ख्रिस्ताचा. ते शाकाहारी होते. आपल्या देशात सर्वसामान्य लोक ख्रिस्ती माणूस कशावरून ओळखतात, तर हॅट, पाटलोण, मांस आणि दारूवरून, याची त्यांना खंत होती. श्रद्धा आत राहिली आणि पाटलोणच पुढे आली, तर लोकांनी ख्रिस्ताकडे पाहायचं कसं?

ऑक्टोबर १८९८ मध्ये त्यांनी 'वन्दे सच्चिदानन्दम्' हे संस्कृत स्तोत्र प्रसिद्ध केलं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे ख्रिस्ती त्रैक्य त्यांनी सत्, चित् आणि आनंद या आपल्या जुन्या शब्दांत गायलं. कल्पना केशवचंद्रांची, पण त्यांनी ती कॅथलिक सिद्धांताला कुठेही बाधा येणार नाही अशी बांधली होती. दुसरीकडे जबलपूरला, नर्मदेकाठी, मठ उभारायची तयारी चालली होती. नाव 'कास्थलिक मठ'. संन्याशांनी भिक्षेवर राहायचं, काहींनी ध्यानात बसायचं, काहींनी गावोगाव फिरायचं. हा भाग त्या वेळी नागपूरच्या बिशपांच्या हाताखाली होता आणि बिशप पेल्व्हा यांचा या योजनेला आशीर्वादही होता. रेवाचंद ग्यानचंद हा सिंधी शिष्य, पुढे अणिमानंद म्हणून ओळखला गेलेला, गुरूबरोबर जबलपूरला येऊन राहिला.

मठ वर्षभरही टिकला नाही. विरोध हिंदूंनी केला नाही. तो चर्चच्याच माथ्यावरून आला.

टीका करणाऱ्यांचं म्हणणं काय होतं?

हिंदुस्थानात त्या वेळी पोपचे प्रतिनिधी होते पोलंडचे लादिस्लास झालेस्की. त्यांनी मठाला हरकत घेतली आणि योजना गुंडाळावी लागली. उपाध्याय यांनी रोमला जाऊन थेट पोपकडे दाद मागायचं ठरवलं. पण आजारपणाने घात केला. देवाची तशी इच्छा दिसत नाही, असं समजून त्यांनी तो बेत सोडला.

कोलकात्याला परत येऊन त्यांनी जून १९०० मध्ये 'सोफिया' साप्ताहिक म्हणून सुरू केलं. झालेस्की यांनी कॅथलिकांना ते वाचायला मनाई केली. उपाध्याय यांनी 'सोफिया' बंद केलं आणि जानेवारी १९०१ मध्ये 'ट्वेंटिएथ सेंच्युरी' हे मासिक काढलं. काही महिन्यांतच त्यावरही बंदी आली.

झालेस्की यांना खलनायक ठरवणं सोपं आहे. पण त्यांच्या जागी बसून पाहिलं, तर त्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती. वेदान्तात ब्रह्म आणि जीव एकच, तर ख्रिस्ती श्रद्धेत देव हा निर्माता आणि माणूस ही त्याची निर्मिती. ही सीमारेषा पुसली गेली तर उरणार काय? 'माया' या शब्दाने सृष्टीची निर्मिती समजावून सांगायची, तर सामान्य वाचक तिचा अर्थ भ्रम असाच घेणार नाही का? शिवाय उपाध्याय धर्मगुरू नव्हते. साध्या संसारी कॅथलिकासारखेच तेही एक. त्यांना सिद्धांत शिकवायचा अधिकार कुणी दिला? त्यात साप्ताहिकातून राजकारणही डोकावू लागलेलं. इंग्रज सरकारच्या राज्यात चर्चला ते परवडणारं नव्हतं.

टीका केवळ वरून नव्हती. सुशिक्षित ख्रिस्ती समाजातल्या अनेकांना हा भगवा वेश म्हणजे मागे जाणं वाटे. ज्या चालीरीती सोडून आपण नवं आयुष्य पत्करलं, त्या परत कशाला, असं त्यांना वाटे. आणि या आक्षेपाला एक खोल बाजू आहे. उपाध्याय वर्णाश्रमाचं समर्थन करत. समाजधर्म म्हणून हिंदू राहा, हे सांगणं कुलीन ब्राह्मणाला सोपं होतं. पण ज्यांना त्याच समाजधर्माने गावकुसाबाहेर ठेवलं होतं, त्यांनी काय म्हणून तो जपायचा? महाराष्ट्रात अहमदनगर परिसरातले हजारो ख्रिस्ती अशाच वस्त्यांमधून आलेले. त्यांच्यासाठी चर्च म्हणजे आधी माणूस म्हणून मिळालेली जागा होती. दलित ख्रिस्ती विचारवंतांनी पुढे हा मुद्दा ठामपणे मांडला. उपाध्याय यांच्याकडे त्याचं समाधानकारक उत्तर नव्हतं.

मराठी मातीत तोच पेच

हा पेच एकट्या बंगालचा नाही. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. त्या प्रॉटेस्टंट, म्हणजे अँग्लिकन. पण त्यांच्यामागेही धर्मभगिनींचा ससेमिरा लागलाच. शाकाहार कशाला पाळतेस? चर्च सांगतं ते निमूट का मानत नाहीस? क्रूसावर लॅटिन अक्षरं नकोत, संस्कृत हवीत, असा आग्रह रमाबाईंनी धरला. ज्या लॅटिनचं एक अक्षर आपल्या लोकांना कळत नाही, ते छातीवर का मिरवायचं, हा त्यांचा रोकडा सवाल. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या गुरुस्थानी. त्यांच्याशी रमाबाईंनी पत्रांतून केलेला वाद हा सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा दस्तऐवजच आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक हेही प्रॉटेस्टंट. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं. शेवटी १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभारायला घेतला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही त्यात जागा होती. मिशनमधल्या कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. दोन वर्षांनी टिळक गेले आणि दरबार अर्धवट राहिला.

पंथ वेगळे, प्रांत वेगळे, पण तिघांच्या वाट्याला आलेला प्रश्न एकच. तुमची श्रद्धा खरी आहे हे आम्हाला पटवा, आणि ते आमच्या पद्धतीने पटवा!

संन्यासी वर्तमानपत्र काढतो

चर्चच्या पत्रकारितेची दारं बंद झाल्यावर उपाध्याय यांच्यातला मूळचा योद्धा जागा झाला. 'सोफिया'त १ सप्टेंबर १९०० रोजी त्यांनी रवींद्रनाथांना विश्वकवी म्हणून गौरवलं होतं, नोबेल पारितोषिकाच्या तेरा वर्षं आधी. १९०१ च्या अखेरीस शांतिनिकेतनात रवींद्रनाथांची शाळा सुरू झाली, तेव्हा उपाध्याय आणि रेवाचंद तिच्या उभारणीत होते. पण तिथेही ख्रिस्ती शिक्षकांबद्दल कुजबुज सुरू झाली आणि काही महिन्यांत दोघं बाहेर पडले. म्हणजे चर्चला ते फार हिंदू वाटत आणि इतरांना फार ख्रिस्ती!

जुलै १९०२ मध्ये हावडा स्टेशनवर उतरल्यावर त्यांना विवेकानंद गेल्याची बातमी कळली. आपल्या मित्राचं अर्धं राहिलेलं काम आपण उचलायचं, असं त्यांनी तिथेच ठरवलं. त्याच वर्षी अंगावर कांबळं घेऊन आणि खिशात जेमतेम पैसे ठेवून ते इंग्लंडला निघाले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये त्यांनी हिंदू तत्त्वज्ञानावर व्याख्यानं दिली. गंमत पाहा, निघताना त्यांच्याजवळ कोलकात्याच्या चर्च-अधिकाऱ्यांचं पत्र होतं. हा गृहस्थ सदाचारी कॅथलिक आहे, असा दाखला! ज्यांनी त्यांचं लिखाण वाचायला बंदी केली, त्याच चर्चने त्यांची श्रद्धा मात्र खरी मानली होती.

परत आल्यावर १९०४ मध्ये त्यांनी 'संध्या' हे बंगाली दैनिक काढलं. भाषा रस्त्यावरच्या माणसाची, खणखणीत आणि झोंबणारी. वंगभंगाच्या चळवळीत 'संध्या' घरोघरी पोहोचलं. जून १९०६ मध्ये कोलकात्यात शिवाजी उत्सव झाला. लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे, डॉ. मुंजे महाराष्ट्रातून गेले. उत्सवाच्या आयोजनात उपाध्याय आघाडीवर होते. मंडपात भवानीची मूर्ती होती. एका कॅथलिकाने मूर्तीच्या उत्सवात पुढाकार घ्यावा, हे त्यांच्या कित्येक ख्रिस्ती चाहत्यांनाही पटलं नाही. त्याआधी त्यांच्या शाळेतल्या सरस्वतीपूजेवरून तर रेवाचंदसारखा शिष्यही दुरावला होता. सरस्वती हे विद्येचं प्रतीक आहे, हा समाजधर्म आहे, असं उपाध्याय सांगत. पण समाजधर्म कुठे संपतो आणि साधनधर्म कुठे सुरू होतो, ही रेघ आता त्यांच्या जवळच्यांनाही दिसेनाशी झाली होती.

ऑगस्ट १९०७ मध्ये त्यांनी परदेशगमन आणि परक्यांबरोबरचं खाणंपिणं यासाठी रीतसर प्रायश्चित्त घेतलं. 'बघा, शेवटी परत गेलाच!' असं म्हणणाऱ्यांना निमित्त मिळालं. जवळचे लोक मात्र सांगत राहिले की हे प्रायश्चित्त समाजासाठी होतं. ख्रिस्ताला त्यांनी कधीच नाकारलं नाही.

पुढच्याच महिन्यात राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. देवाने नेमून दिलेल्या स्वराज्याच्या कामाबद्दल मी परक्या सरकारला जाब देणं लागत नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी खटल्यात बचाव करायलाच नकार दिला. खटला चालू असताना हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना कॅम्पबेल हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. तिथे धनुर्वात झाला आणि २७ ऑक्टोबर १९०७ रोजी, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. लोटलेल्या गर्दीने त्यांना स्मशानात नेलं आणि हिंदू पद्धतीने दहन केलं. कॅथलिक अंत्यविधी झाला नाही. दुरावलेल्या अणिमानंदांनी पुढे आयुष्यातली कित्येक वर्षं गुरूची कागदपत्रं जमवण्यात घालवली आणि 'द ब्लेड' हे चरित्र लिहिलं. आपला गुरू अखेरपर्यंत कॅथलिक होता, ही त्यांची ठाम साक्ष.

श्रद्धेचा बचाव म्हणजे काय?

उपाध्याय यांच्या बचावात एक गोष्ट नजरेत भरते. त्यांच्याकडे अनुयायी होते, लेखणी होती, वक्तृत्व होतं. मनात आणलं असतं तर वेगळा पंथ काढणं त्यांना जड नव्हतं. त्या काळात तसे पंथ निघतही होते. पण मठ बंद करा म्हटल्यावर त्यांनी मठ बंद केला. पत्र वाचू नका म्हटल्यावर पत्र बंद केलं. श्रद्धेच्या बाबतीत चर्चचा शब्द अखेरचा, हे त्यांनी मानलं. फक्त आपला देश, आपली भाषा आणि आपलं ताट यावरचा चर्चचा हक्क त्यांनी मानला नाही. आज्ञा पाळूनही माणूस ताठ उभा राहू शकतो, हे त्यांनी दाखवलं. त्याची किंमतही मोजली. धर्मचिंतन करणारी त्यांची लेखणी चर्चसाठी जवळजवळ थांबलीच. तोटा एकट्या उपाध्यायांचा झाला नाही.

काळ मात्र आपल्या गतीने न्याय करत असतो. १९५० मध्ये दोन फ्रेंच धर्मगुरूंनी, ज्यूल्स मोन्शानँ आणि हेन्री ले सो यांनी, तमिळनाडूत कावेरीकाठी आश्रम काढला. कपडे भगवे, जेवण शाकाहारी आणि आश्रमाचं नाव 'सच्चिदानंद'! नर्मदेकाठचं मोडलेलं स्वप्न अर्ध्या शतकाने कावेरीकाठी उभं राहिलं. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, ते चर्च नाकारत नाही, असं तिने जाहीर केलं. १९६९ मध्ये भारतातल्या चर्चला उपासनेत नमस्कार, आरती, जमिनीवरची बैठक अशा बारा गोष्टींची परवानगी मिळाली.

पुण्यात तर याहून वेगळं चित्र दिसलं. शिवाजीनगरला जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूने १९२७ मध्ये सुरू केलेल्या क्रिस्त प्रेम सेवा आश्रमात १९७० च्या दशकात कॅथलिक आणि अँग्लिकन भगिनी एकत्र राहू लागल्या. एकमेकींच्या श्रद्धेची झडती न घेता!

वसईच्या कॅथलिकांना हे सगळं पुस्तकातून शिकावं लागलं नाही. नऊवारी लाल लुगडं नेसून मिस्साला जाणाऱ्या आज्यांना कुणी समाजधर्म आणि साधनधर्माचा भेद समजावला नव्हता. मराठीतच प्रार्थना, मराठीतच लग्नगीतं आणि मराठीतच भांडणं. याच मातीतल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' लिहिलं आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. मराठीपण आणि कॅथलिकपण यांत निवड करावी लागत नाही, हे त्यांच्या आयुष्याने दाखवलं. २०२४ मध्ये ते गेले.

म्हणून प्रश्न संपला असं मात्र नाही. आरती नको म्हणणारे ख्रिस्ती आजही आहेत. मदर मेरीच्या नोव्हेनाला अंधश्रद्धा म्हणणारे दुसऱ्या पंथातले बंधू आहेत. देशी वेशावर संशय घेणारे आहेत आणि विलायती वेशावर बोट ठेवणारेही. प्रत्येक धर्मात, प्रत्येक घरात अशी माणसं असतात. कुणी उपास मोडला, कुणी माळ काढली, कुणी टिळा लावला नाही, की लगेच श्रद्धेचं माप काढायला बसतात. उपाध्याय यांचं उत्तर अशा वेळी आठवावं. आपल्या श्रद्धेबद्दल विचारणाऱ्याला त्यांनी नेहमी उत्तर दिलं, लेख लिहून, व्याख्यान देऊन, कधी कडक शब्दांत. पण दुसऱ्याच्या समाधानासाठी स्वतःला अर्धं कापून घेतलं नाही.

आता शेवटी एक गंमत. हिंदी तरुणांनीच हिंदुस्थानाचे धर्मगुरू व्हावं, या हेतूने पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये श्रीलंकेत कॅंडी इथे सेमिनरी काढली. त्या वेळी या भागातले पोपचे प्रतिनिधी होते हेच झालेस्की. १९५५ मध्ये ही पेपल सेमिनरी कॅंडीहून पुण्याला हलली आणि आज नगर रोडवर आहे. ज्या माणसाचं लिखाण वाचू नका असं झालेस्की यांनी बजावलं होतं, त्याचा अभ्यास केल्याशिवाय आज भारतीय ख्रिस्ती तत्त्वचिंतनाचा अभ्यास पुरा होत नाही. आणि 'वन्दे सच्चिदानन्दम्' तर चर्चमध्ये गायलं जातं. गाणाऱ्या कित्येकांना ते कुणी लिहिलं, हे ठाऊकही नसतं. ज्याने आपल्या आडनावातला 'वंद्य' टाकून दिला, त्याला ते आवडलंच असतं.